आधी दिशा धर

खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात पाऊल टाकलं की माणूस आधी वर बघतो. 48 खांबांच्या मधोमध छत गोल उघडं सोडलेलं आहे, त्यातून थेट आभाळ दिसतं. मामा मात्र आम्हाला वर बघू द्यायचा नाही. खालच्या गोल शिळेवर उभं करायचा आणि म्हणायचा, "आधी दिशा धर. पूर्व कुठं?"

पूर्व सापडली की दिक्पाल सापडत. आग्नेयेला मेंढ्यावर अग्नी, दक्षिणेला रेड्यावर यम, पश्चिमेला मगरीवर वरुण. कुणाचं नाक उडालेलं, कुणाचा हात कोपरापासून गेलेला. "चेहरा नसला तर वाहन बघायचं," मामा सांगायचा, "आणि वाहनही नसलं तर दिशा आहेच की. ती कोण फोडणार?"

तो कुरुंदवाडला चित्रकला शिकवायचा. मूर्तीला त्यानं कधी हात लावला नाही. बोट दगडापासून तसूभर दूर धरून हवेतच रेघ काढायचा; शिलाहारांच्या कारागिरानं छिन्नी जिथून वळवली असेल तिथंच त्याचं बोट वळायचं. बाहेरच्या गजथरावर त्याचा फार जीव. मंदिराला पाठीवर घेतलेले हत्ती, त्यांच्यावर बसलेले देव. एका हत्तीच्या गळ्यातल्या साखळीची कडी न् कडी शाबूत आहे आणि वरच्या देवाला मुंडकं नाही. तिथं मामा दर खेपेला गप्प व्हायचा. पुढं त्याचा हात थरथरू लागला, तेव्हा त्यानं बोट दाखवणं सोडलं आणि तोंडानंच सांगू लागला.

2019 साली कृष्णेच्या महापुरानं खिद्रापूरला वेढा घातला. मामा अंथरुणाला खिळला होता. घरात कुणाचं काय भिजलं हे त्यानं विचारलं नाही. "गजथराला पाणी लागलं का रे?" एवढंच पुन्हापुन्हा विचारत राहिला. त्याच हिवाळ्यात तो गेला.

परवा एकटाच गेलो होतो. गजथरावरच्या एका देवाच्या डाव्या हातात झिजलेलं काहीतरी गोल आहे. मला ते महाळुंग वाटतं, आपल्या अंबाबाईच्या हातात असतं तसं. मामा नक्की कमंडलू म्हणाला असता. वरच्या अंगाला गळ्यासारखी बारीक खाच आहे, ती त्यानं मला हवेत काढून दाखवली असती. मी ऐकलं नसतं. नदीच्या घाटापर्यंत आम्ही भांडत गेलो असतो. मला ते भांडण फार हवं आहे.