शेजाऱ्यांसह कोरिया

कोरियन भाषा माझ्या आयुष्यात आली ती अर्जातल्या एका रकान्यातून. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसाठी परदेशी भाषांचा पसंतीक्रम भरायचा होता. साताऱ्यात आमच्या घरी फ्रेंच, जर्मन, रशियन ही नावं ओळखीची होती, पुण्यात जपानी शिकवतात हेही ठाऊक होतं. कोरियाचं नाव मात्र मी ऐकलं होतं ते गल्लीतल्या एका निवृत्त जवानाकडून. १९५३ मध्ये जनरल थिमय्यांच्या हाताखाली युद्धकैद्यांच्या प्रश्नासाठी जे भारतीय दल तिकडे गेलं, त्यात ते होते. तिथली थंडी आणि घराकडे परत जावं की नाही हे ठरवू न शकणारे कैदी, या दोनच गोष्टी ते पुन्हा पुन्हा सांगत. त्या कैद्यांचं पुढे काय झालं असेल, हे माझ्या डोक्यात घर करून राहिलं होतं. मी कोरियन पहिल्या क्रमांकावर लिहिली.

दिल्लीत राहायला मिळालं ते गोदावरी वसतिगृहात. तिथल्या वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत, त्यामुळे आईला पत्ता कळवताना बरं वाटलं. पहिल्या आठवड्यात सरांनी प्रत्येकाच्या हातात कागदाची एकेक पट्टी दिली. ती ओठांसमोर धरून ‘प’च्या जवळचे तीन उच्चार करायचे. ‘फ’सारख्या उच्चाराला पट्टी जोरात हलायला हवी, दाबून काढलेल्या ‘प’ला अजिबात हलता कामा नये, आणि तिसऱ्याला जराशी थरथरायला हवी. पहिले दोन आम्हाला सहज जमले, कारण ते आपल्या तोंडात आहेतच. अडलं ते तिसऱ्याशी. ‘प’ आणि ‘फ’च्या मधली जागा आपल्या जिभेला माहीतच नसते. रात्री मेस सुटल्यावर जिन्यात बसून आम्ही मुली कागद धरून फुंकत असू. लिपी मात्र पटकन आली. राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेली ही अक्षरं उच्चाराच्या वेळी जीभ आणि ओठ कसे असतात त्यावरून आखलेली आहेत, आणि ‘क’वर्ग, ‘प’वर्ग अशी मांडणी लहानपणापासून घोकलेल्या मुलाला त्यांची व्यवस्था परकी वाटत नाही. क्रियापद शेवटी, शब्दाला मागून लागणारे प्रत्यय, मोठ्यांसाठी वेगळं आदरार्थी रूप. वाक्य जुळवताना मराठी मला इंग्रजीपेक्षा जास्त उपयोगी पडली.

पण मी योग्य जागी आले आहे हे मला भाषेच्या तासाला कळलं नाही, त्याच्या शेजारच्या तासांना कळलं. आमच्या वेळी जपानी आणि कोरियन एकाच केंद्रात होत्या. व्हरांड्यात जपानीची मुलं चिनी चित्राक्षरं गिरवत बसलेली असत. कोरियनमध्ये वेळ सांगताना तास मूळ कोरियन आकड्यांत मोजतात आणि मिनिटं चिनी मुळाच्या आकड्यांत. म्हणजे घड्याळात किती वाजले हे सांगायलाही शेजारी लागतो. हेइन्सा मठातले ऐंशी हजारांहून अधिक लाकडी ठसे तेराव्या शतकात कोरियन हातांनी कोरले, त्यांवरचा मजकूर बौद्ध त्रिपिटकाचा आणि अक्षरं चिनी. त्रिपिटक तर आपल्याकडून निघालेलं. हे सगळं बाजूला ठेवून नुसती संभाषणाची कोरियन शिकता येते, पण मग त्या समाजाने काय भोगलं ते हाती लागत नाही.

त्या काळात कळलेली एक हकिकत मी अजून प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. १९१० ते १९४५ कोरियावर जपानची सत्ता होती. कोरियन भाषा संस्थेतले अभ्यासक एक मोठा शब्दकोश तयार करत होते. १९४२ मध्ये त्यांची धरपकड झाली आणि हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालं. दोघांचा तुरुंगात मृत्यू झाला. स्वातंत्र्य मिळालं आणि काही आठवड्यांतच ते बाड सोल स्थानकाच्या गोदामात सापडलं. त्यावरून कोशाचा पहिला खंड १९४७ मध्ये छापला गेला, शेवटचा १९५७ मध्ये. ज्या भाषेचा कोश करणं गुन्हा ठरलं होतं, ती शिकताना हे ठाऊक असायलाच हवं.

पुढे नोकरी लागली ती रांजणगाव परिसरातल्या एका कोरियन कारखान्यात, दुभाषी म्हणून. एका १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर एक वयस्कर कोरियन अभियंता चहा घेताना म्हणाले, आज आमचाही स्वातंत्र्यदिन. मी १९४५चा उल्लेख केला, १९४०च्या नावं बदलण्याच्या सक्तीबद्दल विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि आपल्या वडिलांना शाळेत कोणतं जपानी नाव घ्यावं लागलं होतं ते सांगितलं. तोवर आमचं बोलणं यंत्रांच्या सुट्या भागांपलीकडे गेलं नव्हतं.

यंदा नाशिकची माझी भाची बारावी झाली. मालिका आणि गाण्यांतून तिची सुरुवात झाली, आणि त्यात कमीपणाचं काहीच नाही. ओढ कुठूनही लागो. ‘मावशी, कुठे जाऊ?’ म्हणाली. मी तिच्यासमोर चारपाच वाटा ठेवल्या. जेएनयूत बी.ए. करायचं तर आता सीयूईटी द्यावी लागते. रांचीच्या झारखंड केंद्रीय विद्यापीठात कोरियन शिकता येते. दिल्ली विद्यापीठाचा पूर्व आशियाई अध्ययन विभाग १९६४ मध्ये चिनी अध्ययनाचं केंद्र म्हणून सुरू झाला, पुढे त्यात जपान आणि कोरिया आले, एम.ए.साठी तो विचारात घ्यावाच. थेट कोरियात जायचं तर तिथल्या सरकारची शिष्यवृत्ती आहे: आधी वर्षभर भाषा, टोपिक परीक्षेची तिसरी पातळी, मग पदवी. टोपिकच्या पातळ्या सहा, त्यामुळे तिसऱ्या पातळीवर विद्यापीठातली व्याख्यानं ऐकायला बसणं सोपं नसतं. हिंमत हवी.

तिच्या बाबांचा प्रश्न नोकरीचा होता, आणि तो रास्तच आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला आहे, दुभाष्यांना मागणी आहे. पण दुभाष्यालाही समोरच्याचा इतिहास लागतो. म्हणून मी तिला एकच गोष्ट बजावून सांगितली: पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम पाहू नकोस, तो सगळीकडे सारखाच. तिसऱ्या वर्षाला काय वाचायला लावतात ते विचार. कोरियन कादंबरी मुळातून वाचतात का, चिनी अक्षरं शिकवतात का, शेजारच्या विभागातला जपानचा इतिहास घेऊ देतात का, ग्रंथालयात कोरियन पुस्तकांची मांडणी स्वतः जाऊन पाहा. जिथे ‘हो’ म्हणतील तिथे जा, मग ते दिल्ली असो नाही तर रांची. तिने सीयूईटी दिली आहे.

माझी इच्छा मात्र याहून मोठी आहे. पुण्यात जपानी शिकवण्याची जुनी परंपरा आहे, चीनमध्ये प्राण वेचणारे डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे, आणि कोरियन कारखाने तर दारात उभे आहेत. चिनी, जपानी, कोरियन या तिन्ही भाषा त्यांच्या इतिहासासह एकाच छपराखाली शिकवणारा पूर्ण विभाग इथल्या विद्यापीठाने काढावा. शिकवायला माणसं मिळतील. मी स्वतः यायला तयार आहे.