चांदणीवरचा आळ

नगर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंचावर आहे. इथे घरात समुद्र ठेवायचा म्हटलं तर तो आधी बादलीत कालवावा लागतो. बोअरचं पाणी जड, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरणारं; म्हणून आरओचं पाणी घ्यायचं, त्यात लीटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास खास मीठ विरघळवायचं आणि तापमान पंचविशीच्या घरात राखायचं. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हे राखणं म्हणजे चिलर, इन्व्हर्टर आणि विजेच्या बिलावरून घरातली बोलणी. एवढा खटाटोप करून सावेडीतल्या आमच्या बैठकीत काय आहे, तर क्लाउनफिशची जोडी, थोड्या गोगलगायी आणि दगडावर पसरलेले झोआ. बटणाएवढी फुलं वाटावीत असे हे प्राणी. खडक बांधणारे कठीण प्रवाळ मी ठेवत नाही. 2001 पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसले आहेत. ‘इम्पोर्टेड माल आहे, काही होत नाही,’ असं छातीठोकपणे सांगणारा दुकानदार कागद मागितला की विषय बदलतो.

झोआच्या एका तुकड्याबरोबर टाकीत चांदण्या आल्या. करंगळीच्या नखाहून लहान, राखाडी-पांढऱ्या, एक बाजू भरलेली आणि एक बाजू आखूड. हौशी लोक त्यांना सरसकट ‘ॲस्टेरिना’ म्हणतात. आखूड बाजू जखमेची नसते. ही चांदणी स्वतःच मधोमध फाटते, दोन्ही तुकडे उरलेले हात नव्याने उगवतात आणि एकीच्या दोन होतात. त्यामुळे आज काचेवर चार दिसल्या की काही महिन्यांत मोजणं सोडून द्यावं लागतं. आणि मोजणं सोडलं की माणूस दुकानात जातो.

दुकानदाराचा किडीबद्दलचा सल्ला माझ्या ओळखीचा आहे, टाकीच्या कितीतरी आधीपासून. माझं लहानपण राहुरी तालुक्यात, उसात गेलं. विहिरीत डासांसाठी सोडलेले गप्पी मासे मी बरणीत आणून ठेवायचो आणि एखादा आजारी पडला की नगरच्या माशांच्या दुकानात तक्रार घेऊन जायचो. मासा तिरका पोहतो, मासा खात नाही, मासा पांढरा पडला, काहीही सांगा, काउंटरवर निळ्या औषधाची तीच बाटली यायची. शाळेच्या सहलीत मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं तेव्हा पहिली शंका आली ती हीच, की एवढ्या माशांना हे लोक किती निळं औषध आणत असतील!

खरा धडा मात्र उसातला. 2002 साली सांगलीकडे लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. आमच्याकडेही आला. पानाच्या खालच्या बाजूला कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथे उसाला काही झालं की ते एकट्या शेतकऱ्याचं दुखणं राहत नाही. चावडीवर, पारावर, लग्नात, दुसरा विषय नव्हता. कृषी सेवा केंद्रात उत्तर एकच: औषध मारा. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणं म्हणजे काय, हे पानाच्या धारेने चिरलेले हात सांगतील. तरी माझे वडील, अण्णा, शिरायचे, कारण दुकानात उधारी होती.

त्या उधारीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खत, बियाणं, औषध सगळं वहीवर. हिशोब ऊसबिल आल्यावर. ज्याची वही आपल्या नावाने भरलेली आहे त्याला ‘हे कशावरून?’ असं विचारायला जीभ रेटत नाही. दुकानदार लबाड होता असं मी म्हणणार नाही. तो गावचाच, आमच्या सुखदुःखातला. पण रोग ओळखणारा आणि औषध विकणारा माणूस एकच असला की निदान फळीवरच्या मालाकडे सरकतं, हे त्याच्याही ध्यानात येत नसावं.

एक दिवस अण्णांनी माव्याने भरलेलं पान तोडून आणलं. पांढऱ्या थरात जाळी विणलेली होती आणि जाळीत अळ्या. दुकानात निदान झालं की आता अळीही पडली, म्हणजे दुसरं औषध. शेजारच्या काकांनी तेच पान विद्यापीठात नेलं. राहुरीचं कृषी विद्यापीठ आमच्या तालुक्यातलंच, 1968 सालचं. पण गावातल्या दुकानापेक्षा ते नेहमीच लांब वाटायचं. तिथे कळलं की ही अळी माव्यावरच जगते. डिफा तिचं नाव. ती ज्या रानात दिसते तिथे फवारू नका, उलट तिथली पानं कापून दुसऱ्या उसात नेऊन लावा. पुढे हेक्टरी हजार अळ्या किंवा कोष सोडायची शिफारस छापून आली, कारखान्यांनी तिची पैदास करून वाटप केलं, आणि डिफा व मायक्रोमस या दोन भक्षकांनी माव्याचा जोर मोडला. अण्णांना त्यातलं एकच लक्षात राहिलं: ‘मढ्याजवळ दिसला म्हणून तोच खुनी नसतो.’

नगरच्या दुकानदाराने माझ्या चांदण्यांचं ऐकून घेतलं, मोबाइलवरचा फोटो न बघताच मान हलवली आणि म्हणाला, ‘सगळं खाऊन टाकतील. हे टाका, दोन दिवसांत साफ.’ बाटलीतला रंग बघून मी ओळखलं. डाळिंबावर बोर्डो मिश्रण करताना मोरचूद विरघळवलेल्याला तो निळा वेगळा सांगावा लागत नाही. लेबलावर कॉपर सल्फेट होतंच. माशांच्या अंगावरच्या परजीवींसाठी तांबं वेगळ्या टाकीत वापरतात. पण गोगलगायी, कोळंबी, झोआ यांना ते विष आहे, आणि दगडात मुरलं की सहजी निघत नाही. साफ झालं असतं, खरंच सगळं साफ झालं असतं.

मुंबईच्या दुकानाचा सल्ला जास्त हुशार होता: हार्लेक्विन कोळंबी घ्या. पांढऱ्या अंगावर जांभळट ठिपके, दिसायला देखणी, आणि ती फक्त तारामासेच खाते. चांदणीला उलटं पाडून सावकाश खाताना तिचे व्हिडिओ त्यांनी दाखवले. हे ऐकून मला आधी डिफाच आठवली आणि मी जवळजवळ भुललो. फरक असा की मावा संपला तर डिफाचा पतंग शेजारच्या रानात उडून जातो. काचेच्या टाकीला शेजारचं रान नसतं. चांदण्या संपल्या की कोळंबी उपाशी मरणार, नाहीतर तिच्यासाठी मोठे तारामासे विकत आणून घालायचे. ते कुठे मिळतील, हे विचारल्यावर दुकानदाराने प्रसन्न चेहऱ्याने आपल्याच एका टाकीकडे बोट केलं. इथे माझी वही भरलेली नव्हती, रोखीचा व्यवहार होता. म्हणून विचारता आलं. अण्णांना ती सोय नव्हती.

शेतीच्या दुकानदारांसाठी निदान काही तरी झालं आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने 2003 मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ नावाची वर्षभराची पदविका सुरू केली. ती घेतलेले विक्रेते आता आमच्याकडेही भेटतात आणि त्यांच्यातले काही गिऱ्हाइकाला ‘पान घेऊन या’ म्हणतात. मत्स्यालयवाल्यांना असं काही शिकवणारं माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यांचं ज्ञान एकमेकांकडून येतं, आणि भीतीही. तारामाशांची भीती मुळात मोठ्या भावंडाच्या नावावर आहे: ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळ फस्त करणारा काटेरी तारा. तो खरोखरच प्रवाळ खातो, वर्षाला कित्येक चौरस मीटर. त्याचे तुकडे करून भागत नाही, कारण तुकड्यांतून पुन्हा तारे होऊ शकतात. म्हणून पाणबुडे त्याला एकेकट्याला बैलाच्या पित्ताचं नाहीतर व्हिनेगरचं इंजेक्शन देतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांतही तो आहे. त्याचं पाप नखाएवढ्या चांदणीच्या माथी मारणं हा भाऊबंदकीचा जुनाच न्याय.

पण चांदणी निर्दोष आहे असंही मी लिहून देणार नाही. ‘ॲस्टेरिना’ या एका नावाखाली वेगवेगळे जीव मोडतात. 2004 मध्ये ओलॉक्लिन आणि वॉटर्स यांनी त्यांतल्या बऱ्याच जातींना ‘ॲक्विलोनास्ट्रा’ या वेगळ्या वंशात हलवलं. सगळ्या एकच जेवण जेवत असतील असं मानायला आधार नाही, आणि झोआवर ताव मारणाऱ्या चांदण्यांच्या तक्रारी इतक्या जणांकडून येतात की त्या सगळ्या भ्रम म्हणून झटकणं उद्धटपणाचं होईल. दुकानदार ‘खातात’ म्हणतो, जुना हौशी ‘काही खात नाहीत’ म्हणतो, आणि दोघे आपापल्या टाकीबद्दल खरं बोलत असू शकतात.

मग पाहणं आलं. चांदणी आपलं जठर तोंडातून बाहेर काढून जेवते. काचेवर चिकटलेली असली की पलीकडून, भिंगाखाली, ते पांढुरकं पसरलेलं दिसतं. ती सरकली की मागे शेवाळाचा थर पुसलेला गोल राहतो. दिवे मालवल्यावर लाल बॅटरीच्या उजेडात मी झोआंकडे बघत बसायचो. बायको म्हणाली, पिकाला पाणी द्यायला रात्री उठायचास तेव्हा एवढा जागा राहत नव्हतास. काचेवरच्या चांदण्या शेवाळच खात होत्या, यात शंका उरली नाही. झोआवर बसलेल्या थोड्या होत्या. त्यांच्याखालचे झोआ मिटलेले होते. पण दगडाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे एकही चांदणी पोचली नव्हती, तिथलेही मिटलेले होते. त्या आठवड्यात दुपारी वीज जात होती आणि टाकीचा काटा 29 च्या वर चढत होता. उष्म्याने खंगलेल्या झोआचं मेलेलं मांस त्या साफ करत होत्या की जिवंत झोआलाच लागल्या होत्या, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. झोआवरच्या तेवढ्या चिमट्याने उचलल्या, काचेवरच्या ठेवल्या, माशांचं खाणं कमी केलं आणि इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. झोआ उघडले. श्रेय कशाला द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं. बॅटरीवाला स्वतःला देतो.

चिमट्याने उचललेल्या चांदण्या डबीत घालून मी नगरच्याच दुसऱ्या एका दुकानात नेल्या. पोरगेलासा मालक. त्याने डबी उजेडात धरली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाला, ‘काका, मला नाही माहीत. दोन इथे ठेवून जाता का? रिकाम्या टाकीत झोआचा तुकडा टाकून बघतो.’ मीठ आता मी त्याच्याकडून घेतो. पिशवीमागे थोडं महाग पडतं.