पहिली ठासणीची बंदूक, सहाशे डॉलरांत

पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २६ डिसेंबरपासून, हरणाच्या शिकारीचा एक वेगळाच हंगाम सुरू होतो. त्यात फक्त चकमकीची, ठासणीची बंदूक चालते. काडतूस नाही, दुर्बीण नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, नळीच्या बुडाशी जे बारीक भोक असतं (त्याला कान म्हणतात) तिथे चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू टाकायची, आणि चाप ओढल्यावर गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडेल अशी आशा धरायची. १९७४ पासून इथे हा हंगाम आहे. आमचं ऑफिस नाताळ ते नववर्ष बंदच असतं, त्यामुळे रजा खर्च न करता जमेल असा माझ्यापुरता हाच.

शिकार कशाला, असं बेळगावातली बरीच मंडळी विचारतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद झाली आणि ते योग्यच आहे. इथे हरणं उदंड आहेत, परवाना रीतसर मिळतो, आणि दर रविवारी मटण खाणाऱ्या माणसाने एकदा तरी ते काम स्वतः करावं, असं माझं मत आहे. बायकोला हे फारसं पटलेलं नव्हतं. तिने हो म्हणताना दोन अटी घातल्या. सगळं मिळून सहाशे डॉलर. दुसरी अट तिने प्रश्न म्हणून विचारली.

"अरे, पहिली गोळी नीट नाही लागली, तर दुसरी भरायला किती वेळ?"

"सराव झाला की अर्धं-पाऊण मिनिट."

"आणि तोवर ते हरिण काय करणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग बंदूक निवडताना ती सुंदर आहे का, जुनी दिसते का, हे मागे पडलं. हातातल्या पैशात सर्वांत खात्रीचा एक बार कसा मिळेल, एवढंच उरलं.

दुकानदाराने आधी 'इनलाइन' समोर ठेवली. १९८५ मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट यांनी बाजारात आणलेल्या बंदुकीनंतर हा प्रकार पसरला. पेटवण नळीच्या थेट मागे असते, त्यामुळे बार चटकन आणि भरवशाने निघतो. तीनशे डॉलरच्या आत नवी मिळते. ज्यांच्या राज्यात चालते त्यांनी पहिली बंदूक म्हणून हीच घ्यावी, उगाच हौसेच्या मागे लागू नये. इथेही ऑक्टोबरात शिंगं नसलेल्या हरणांसाठीच्या छोट्या हंगामात ती चालते. पण डिसेंबरात नाही.

नवी स्वस्त चकमकीची बंदूक चारशेच्या आसपास येते. तिची अडचण घोड्याच्या यंत्रणेत असते. स्प्रिंग मरतुकडी किंवा पोलाद मऊ असलं तर ठिणग्या कमी पडतात. रंजकच पेटत नाही, मग आतली दारूही पेटत नाही. आपण 'फुसका बार' म्हणतो तो हाच. म्हणून मी जुन्याकडे वळलो. (इथली लांब नळीची प्रसिद्ध रायफल 'केंटकी' म्हणून ओळखली जाते, पण अठराव्या शतकात ती घडवली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांनी. अथणीची चप्पल कोल्हापुरी म्हणून खपते, तसंच.)

जुनी घ्यायची म्हटल्यावर काकांना फोन केला. खानापूरकडे आमच्या शेतात रानडुकरं यायची म्हणून आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. आपल्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी अशा बंदुकीचा परवाना मिळतो. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, हे मला लहानपणापासून आठवतं.

"ते पैशाचं राहू दे. आधी गज घालून बघ की रे," काका म्हणाले. "आत बार भरलेला असला म्हणजे?"

ही युक्ती प्रत्येकाला माहीत हवी. गज नळीत टेकेपर्यंत सोडायचा, नळीच्या तोंडापाशी बोटाने खूण धरायची, मग गज बाहेर काढून नळीच्या बाजूने लावायचा. त्याचं टोक कानापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दीड-दोन इंच अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेल्या बंदुकाही भरलेल्या निघतात.

एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे थॉम्पसन सेंटरची पन्नास कॅलिबरची हॉकेन मिळाली, ३८० डॉलरला. नळी रिकामी होती. पांढरी चिंधी आतून फिरवली, तांबूस गंज आला नाही. दस्त्याच्या मानेला चीर नव्हती. अंधाऱ्या गॅरेजमध्ये रिकामा घोडा पाडून पाहिला, तर ठिणग्यांचा झुबका खाली पडला. नळीतले आटे ४८ इंचांत एक फेरा घेतात. चिंधीतल्या गोल गोळीला याहून संथ फेरा जास्त मानवतो, पण हाही चालतो.

बाकी खर्चात दारू महत्त्वाची. पायरोडेक्ससारखे पर्याय सहज मिळतात, पण त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते, चकमकीला ते साथ देत नाहीत. खरी काळी दारूच हवी. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. मी बाराला ७० घालतो, म्हणजे एका डब्यात शंभर बार. गोळी, चिंधी धरून एक बार साधारण साठ सेंटला पडतो. मापी, गारगोट्या, रंजकेचा डबा, मूळ परवाना आणि ठासणीचा जोडपरवाना मिळून ५७० पर्यंत आकडा गेला.

मग उन्हाळाभर शनिवारी सकाळी सराव. चाप ओढणं आणि बार निघणं यांत क्षणभर अंतर असतं, आणि डोळ्यांसमोर रंजक भडकते. त्या क्षणात दचकलं की गोळी गेलीच. घरी गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवून मी शेकडो वेळा नुसता घोडा पाडला. सप्टेंबरात ५० यार्डांवर पाचपैकी पाच गोळ्या जेवणाच्या कागदी ताटलीत बसू लागल्या. ७५ वर तीनच. म्हणून बायकोला सांगितलं, ५० च्या पलीकडे चाप ओढणार नाही.

पहिल्या डिसेंबरात तीन हरणं दिसली, सगळी ऐंशी-नव्वद यार्डांवर. बंदूक खांद्याला लावून पाहिली आणि खाली घेतली. दुसऱ्या वर्षी एक मादी ३५ यार्डांवर आली. बार निघाला, धूर विरेपर्यंत काही दिसलं नाही. ती साठेक पावलांवर पडलेली होती. मी जवळ पोचलो तेव्हा हालचाल नव्हती. घरी आल्यावर बायकोने पहिला प्रश्न तोच विचारला, आणि या वेळी माझ्याकडे उत्तर होतं.

काकांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "नळी धुतलीस का?" काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज धरते. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, चिंधी पांढरी निघेपर्यंत, मग कोरडी करून तेल. त्यासाठी स्वयंपाकघरातली बादली वापरायची नाही, वेगळी घ्यायची. ती चार डॉलरची, बजेटच्या बाहेर.