सुरात नापास कुणी नसतं

पारनेर तालुक्यात पाऊस मोजूनमापून पडतो. वर्षाचे चारशे-पाचशे मिलिमीटर, तेही बेभरवशाचे. अशा मुलखात माणसं दोन गोष्टी जपून वापरतात, पाणी आणि शब्द. गाणं मात्र हातचं राखून ठेवत नाहीत. याच तालुक्यातल्या पिंपळनेरला निळोबारायांची समाधी आहे. तुकोबांना गुरू मानून त्यांनी अभंग रचले, आणि त्यांच्यामागे कित्येक पिढ्या या माळरानावर टाळ वाजत राहिले. याच मातीत, पारनेरला, १८८० साली सेनापती बापट जन्मले. हातात झाडू घेऊन रस्ते झाडण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. टाळ आणि झाडू या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात मी पाहिल्या, त्या माझ्या शाळेतल्या गुरुजींच्या.

गुरुजींकडे एक जुनी पेटी होती. भात्याला ठिगळ लावलेलं, दोन पट्ट्या दाबल्या की वर यायच्या नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती पेटी व्हरांड्यात यायची. ज्याचा गळा चांगला त्याला ते मागच्या रांगेत बसवत, आणि ज्याला सूर सापडत नसे त्याला पेटीशेजारी. त्याच्या हातात टाळ देत आणि म्हणत, "तू आधी लय धर रे बाळा, सूर मागून येतो." बहुतेकांचा तो यायचाच. काहींचा महिन्याने आला, काहींचा वर्षाने. एखाद्याचा आलाच नाही, तरी त्याच्या हातातला टाळ गुरुजींनी कधी काढून घेतला नाही.

गुरुजींचं हे वागणं मला नीट उमगलं ते मोठेपणी, आमच्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची गोष्ट समजून घेताना. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले तेव्हा गाव दारूने आणि दुष्काळाने खंगलं होतं. गावातल्या यादवबाबांच्या मंदिराची लाकडंसुद्धा दारूच्या भट्ट्यांत गेल्याचं सांगतात. अण्णांनी स्वतःचा पैसा घालून मंदिर उभं केलं आणि गावाला बसायला एक जागा मिळाली. त्या मंदिरात भजन झालं, तिथेच दारूबंदीचा निर्णय झाला, तिथेच श्रमदान ठरलं. गळका पाझर तलाव दुरुस्त झाला, नाल्यांवर बांध पडले, डोंगरउतारावर चर खोदले गेले. पाणलोटाचं हे काम शिकायला पुढे लांबलांबून लोक आले. एकत्र गायला बसणारं गाव एकत्र खोदायलाही उतरतं, हे त्यांतल्या किती जणांनी टिपून घेतलं असेल?

मला त्या गावातली सर्वांत मोलाची वाटते ती शाळा. १९७९ साली तिथे माध्यमिक शाळा सुरू झाली. त्याआधी मुलांना पुढच्या शिक्षणासाठी शिरूरला किंवा पारनेरला जावं लागे, मुलींचं शिक्षण तर प्राथमिकपाशीच थांबे. इमारतीला सरकारी पैसा मिळाला, पण भिंती गावाने श्रमदानाने चढवल्या. १९८२ साली गावातली पहिली मुलगी शालान्त परीक्षा पास झाली. आणि या शाळेने दार उघडलं ते इतरांनी नाकारलेल्यांसाठी. नापास झालेली, वाया गेली म्हणून घरच्यांनीही आशा सोडलेली मुलं इथे आवर्जून घेतली गेली. पहाटेचा व्यायाम, वसतिगृहातली शिस्त, शाळेआधी आणि शाळेनंतर शिकवणारे शिक्षक. यांतून ती उभी राहिली. ज्याला सूर सापडत नाही त्याला पेटीशेजारी बसवायचं, हेच ते शहाणपण.

राळेगणचं पाहून आसपासच्या गावांनी टिकाव-फावडी उचलली, त्यांत आमचंही गाव होतं. नाल्यावर आम्ही पोरं रांगेत उभी राहायचो आणि मातीची घमेली हातोहात पुढे सरकायची. सुरुवातीला सगळा गोंधळ व्हायचा. कुणी घाई करायचं, कुणी रेंगाळायचं, घमेलं मधेच आपटायचं. मग गुरुजी रांगेच्या टोकाला उभे राहून अभंग धरायचे. धुमाळीच्या ठेक्यावर हात आपोआप जुळायचे, आणि दमलेला मुलगासुद्धा रांग सोडायचा नाही, कारण ओळ अजून पुरी व्हायची असायची. दुसऱ्याच्या हाताची वाट पाहणं, आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळू देणं, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून मला कधी कळलं नसतं.

गावातल्या हरिनाम सप्ताहात तेच गुरुजी वेगळे दिसत. पहाटेचा काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. पहाऱ्यांची यादी लिहायचे गुरुजी, आणि रात्री दोन ते चारचा पहारा स्वतःच्या नावावर लावायचे. त्या वेळी मंडपात ऐकणारं कुणी नसे. समोर समईची वात, गळ्यात वीणा आणि पायांत संथ पावली. सकाळी तेच गुरुजी खडू घेऊन अपूर्णांक शिकवायला वेळेवर हजर. सेवा म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या दोन ते चारच्या पहाऱ्यात आहे: कुणी पाहत नसताना धरून ठेवलेली वीणा.

संगीताला आपल्या शाळांत नेहमी उरलेली जागा मिळाली आहे. परीक्षा जवळ आल्या की आधी पेटी बंद होते. स्वयंसेवेचंही तसंच, एक दिवस झाडं लावायची आणि फोटो काढायचे. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण गाव घडवणारी ताकद याच दोन गोष्टींत मी पाहिली आहे. बांधाची लांबी मोजता येते, विहिरीतली पाण्याची पातळी मोजता येते. पण बांध घालायला शंभर हात एका वेळी पुढे यावेत, ही सवय कुणीतरी आधी लावलेली असते. ती बहुधा एखाद्या व्हरांड्यात, ठिगळ लावलेल्या पेटीवर लागते.

म्हणून गावागावांतल्या पालकांना माझं एक सांगणं आहे. शाळेत नवे शिक्षक आले की त्यांची पदवी जरूर विचारा, निकालाची टक्केवारीही विचारा. पण त्याआधी हे विचारा, की गुरुजी, तुम्ही संध्याकाळी गावात राहणार का? आणि ते हो म्हणाले, तर त्यांच्यासाठी एक पेटी घ्या. वर्गणी काढून घ्या, पण घ्या. आणि जे पोरगं कुठेच बसत नाही, त्याला पहिल्या दिवशी त्या पेटीपाशी नेऊन बसवा.