भाच्याचे गुण

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा दोह्याच्या भारतीय शाळेत शिकला. दहावी, बारावी तिथेच झाली. २०२२ पासून 'नीट' परीक्षेचे केंद्रही दोह्यात असल्याने मे २०२४ मध्ये त्याने घरी राहूनच परीक्षा दिली. ७२० पैकी ६४० गुण मिळाले. भावजयीने पेढे वाटले.

आनंद फार टिकला नाही. त्या वर्षी गुणांचा पूरच आला. ४ जूनच्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी! आदल्या वर्षी ६४० गुणांवर सरकारी कॉलेज मिळाले असते. आता अखिल भारतीय १५ टक्के जागांत नंबर लागेना. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी सर्वसाधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून व्हावी लागते. भाऊ मुंबईचा, पण मुलाची शाळा कतारची! अनिवासी कोट्याची फी झेपणारी नव्हती.

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, त्याच्या भल्यासाठीच त्याला इथे आणला होता गं." मला उत्तर सुचले नाही. मागून भाचाच म्हणाला, "आत्या, मी पुन्हा बसतो."

परदेशी राहणाऱ्या बंधुभगिनींना एकच विनंती. गुणांची काळजी मुले घेतील; नियमांची चौकशी मूल आठवीत असतानाच आपण करावी.