मरहूमांचा फोन आणि राहिलेला हिशेब

घरातले मोठे माणूस अल्लाहकडे गेले की मागे राहिलेल्यांवर काही कामे येऊन पडतात. कफन-दफन होते, भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरते आणि मग पहिला प्रश्न उभा राहतो तो वाटणीचा नव्हे, कर्जाचा. मरहूमांकडे कुणाचे देणे राहिले आहे का, हे पाहून ते फेडल्याशिवाय वारसांच्या हाती काही येत नाही, हे आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. पूर्वी त्यासाठी वही काढली जाई. आता पुष्कळ घरांत हा हिशेब फोनमध्ये असतो आणि फोन दर वेळी तोंड उघडतोच असे नाही. आमच्या घरी काय घडले ते येथे सांगत आहोत, कारण ही वेळ कुणावरही येऊ शकते.

आमच्या अब्बांचा इंतिकाल ऑगस्ट २०२३ मध्ये कल्याणला झाला. अम्मी आणि ते दूधनाक्याला राहत. आम्ही ठाण्यात राबोडीला, आपा मुंब्र्याला कौशात आणि धाकटा भाऊ डोंबिवलीत. अब्बांची एक सवय सगळ्या मोहल्ल्याला माहीत होती. निवृत्तीच्या पैशातली थोडी रक्कम त्यांनी बाजूला काढली होती आणि तिच्यातून ते बिनव्याजी उसने देत. कुणाच्या मुलाची फी, कुणाचे हॉस्पिटलचे बिल, कुणाच्या रिक्षाचे इंजिन. परत आलेले पैसे दुसऱ्या गरजूकडे जात. स्वतःजवळ नसले तर मित्राकडून घेऊन देत. त्यामुळे त्यांचे लोकांकडे घेणे होते तसे देणेही होते.

हा हिशेब आधी वहीत असे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी कल्याणच्या सखल वस्त्यांत शिरले तेव्हा आमची खोली तळमजल्यावर होती. वह्या, रेशनकार्ड, मामूंनी आखातातून बोलून पाठवलेल्या कॅसेटी, सगळे चिखलात गेले. अब्बांनी नवी वही घातली, पण पुढे हात थरथरू लागला आणि स्वतःचे अक्षर त्यांना स्वतःलाच लागेना. तेव्हा आपाच्या मुलाने त्यांना एक युक्ती करून दिली. व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला, त्यातून तो स्वतः बाहेर पडला आणि ग्रुपमध्ये अब्बा एकटेच उरले. ग्रुपचे नाव ‘हिशेब’. पैसे दिले किंवा घेतले की अब्बा त्यात बोलून ठेवत: नाव, रक्कम, तारीख आणि समोर कोण होते. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे ते आम्हाला नेहमी सांगत. हात चालत नाही तर जबान चालवतो, असे म्हणून हसत.

त्यांच्या आजारपणात फोन पलंगावरून पडला आणि स्क्रीन काळी झाली. इंतिकालनंतर तो दुरुस्तीला दिला. दुकानदाराने स्क्रीन बदलली आणि कुणी सांगितले नसताना फोन आतून पूर्ण पुसून कोरा करून दिला. ‘हिशेब’ ग्रुपमध्ये दुसरे कुणीच नव्हते. एरवी हरवलेले बोलणे परत मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे समोरच्या माणसाचा फोन. जे आपल्याकडून गेले ते त्याच्याकडे असते. येथे समोर कुणी नव्हते.

हाताशी काय होते? पुरानंतर घातलेली वही, जी मध्येच थांबलेली. चालू असलेले सिमकार्ड. आणि धाकट्याच्या कॉम्प्युटरमध्ये, २०२१ साली अब्बांचा फोन बदलला तेव्हा केबल लावून उतरवून ठेवलेला जुन्या फोनचा सगळा माल.

आधी तो कॉम्प्युटर उघडला. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲपचा स्वतःचा एक फोल्डर असतो. त्यातल्या ‘डेटाबेसेस’ या भागात लेखी बोलणे कुलूपबंद फाइलींत साठते. रोज रात्री दोनच्या सुमारास नवी प्रत बनते आणि साधारण शेवटच्या सात दिवसांच्या प्रती राहतात. या फाइली कॉम्प्युटरवर नुसत्या उघडून वाचता येत नाहीत. त्यांची किल्ली त्याच नंबरच्या खात्याशी बांधलेली असते. पण व्हॉइस नोट्सचा फोल्डर वेगळा असतो आणि त्याला कुलूप नसते. त्या फाइली कोणत्याही कॉम्प्युटरवर वाजतात. फाइलच्या नावात तारीख असते. ती कुणी कुणाला पाठवली, हे मात्र नावावरून कळत नाही. आलेले आणि पाठवलेले सगळे एकाच ढिगात.

आम्ही तिघे भावंडे त्या ढिगासमोर बसलो. पहिली फाइल अब्बांची होती, अम्मीला दूध आणायला सांगणारी. आपा रडू लागली. दुसरी फाइल एका बाईची होती. आवाज ओळखीचा नव्हता. ती तिच्या घरातले असे काही सांगत होती, जे तिने फक्त अब्बांवर भरवसा ठेवून सांगितले असणार. पाच-सहा सेकंदांतच आपाने हात पुढे करून ती बंद केली. म्हणाली, “भाई, हे आपल्यासाठी नाही.”

त्या संध्याकाळी आमच्यात बराच वाद झाला. धाकट्याचे म्हणणे होते की सगळे ऐकल्याशिवाय हिशेबाचे काय ते कळणार कसे? कर्ज बुडाले तर अब्बांच्या मानेवर राहील. आपाचे म्हणणे होते की दुसऱ्यांची गुपिते चाळण्याला तजस्सुस म्हणतात आणि सूरह हुजुरातमध्ये त्याची साफ मनाई आहे. माणूस गेला म्हणून त्याच्याजवळ ठेवलेली अमानत उघडी होत नाही. दोघांचे म्हणणे खरे होते. कर्ज शोधणे आमच्यावर बंधनकारक, आणि बाकीचे ऐकणे आम्हाला मना. शेवटी अम्मीने निकाल दिला. ढिगातले काही वाजवायचे नाही. ‘हिशेब’ ग्रुप तेवढा मिळतो का पाहा. मिळाला तर तोच उघडा.

मग गूगलच्या खात्याकडे वळलो. व्हॉट्सॲपची प्रत गूगल ड्राइव्हवरही ठेवता येते, पण ती परत आणायला तोच मोबाइल नंबर आणि तेच गूगल खाते लागते. अब्बांच्या खात्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. खात्याला त्यांचाच नंबर जोडलेला असल्याने सिमवर आलेल्या कोडने खाते उघडले. ड्राइव्हच्या ॲपमध्ये ‘बॅकअप्स’ म्हणून जागा असते, तिथे शेवटच्या प्रतीची तारीख दिसते. तारीख होती २९ जून २०२३, बकरी ईदची.

हीच तारीख का, ते आम्हाला लगेच उमगले. प्रत फक्त वाय-फाय असताना चढावी, अशी अब्बांच्या फोनची मांडणी होती आणि कल्याणच्या घरी वाय-फाय नव्हते. ईदच्या दिवशी अब्बा-अम्मी आमच्याकडे राबोडीला मुक्कामाला होते. फोन रात्री चार्जिंगला लावला आणि प्रत चढली. ते घरी आले नसते तर ही प्रतही नसती.

आता मात्र घाई करून चालणार नव्हते. नव्या फोनमध्ये व्हॉट्सॲप टाकताना प्रत परत आणायची का, असा प्रश्न एकदाच, सुरुवातीला विचारला जातो. तो टाळून पुढे गेले आणि नवी, जवळजवळ रिकामी प्रत त्याच खात्यात चढली, तर ती जुन्या प्रतीची जागा घेते. म्हणून आधी नव्या फोनवर अब्बांचे गूगल खाते जोडले, मगच व्हॉट्सॲप टाकले, नंबरचा कोड भरला आणि ‘रिस्टोअर’ दाबले. आधी लिहिलेले बोलणे आले. आवाज हळूहळू उतरत राहिले. बाकी कोणतेही नाव न उघडता ‘हिशेब’ उघडला. त्यातल्या ‘एक्स्पोर्ट चॅट’ने तो ग्रुप आवाजांसकट वेगळा काढून धाकट्याच्या कॉम्प्युटरवर ठेवला. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा वर्गाच्या ग्रुपवरचे धडे आम्ही असेच काढून ठेवत होतो. ती सवय येथे कामी आली.

अब्बांच्या आवाजात सगळे होते. दूधनाक्याच्या एका मित्राचे पंधरा हजार देणे. भाजीवाल्या मावशींचे सहाशे रुपये, सुट्टे नव्हते म्हणून राहिलेले. अठ्ठावीस हजार लोकांकडून येणे. आणि एक नोंद अशी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला असे आम्हाला आजही वाटते. वहीत एका घरावर चाळीस हजारांचे येणे मांडलेले होते. वहीवर विसंबून धाकटा त्यांच्याकडे विचारायला जाणारच होता. व्हॉइस नोटमध्ये अब्बा म्हणत होते, त्याची नोकरी गेली आहे, मी त्याला माफ केले, मुलांनी पुढे कधी विचारू नये. आमची फेरी वाचली ही छोटी गोष्ट. त्या घरातल्या माणसाची मान आमच्यासमोर खाली जायची राहिली.

२९ जूननंतरचे सहा-सात आठवडे मात्र मिळाले नाहीत. त्या दिवसांत अब्बांनी कुणाकडून घेतले, कुणाला दिले, हे फोनने सांगितले नाही. त्यासाठी जुनीच रीत वापरली. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत सांगितले की अब्बांकडे कुणाचे काही राहिले असेल तर आमच्याकडे यावे. दोघे आले. एकाजवळ कागद होता, दुसऱ्याजवळ काहीच नव्हते. अम्मीने दोघांनाही दिले.

अब्बांचे बाकीचे बोलणे आम्ही तसेच राहू दिले. आपाला त्यांचा आवाज हवा होता, तो तिच्या स्वतःच्या फोनमध्ये आहेच, आमच्याही आहे. अम्मीला जे त्यांनी पाठवले ते अम्मीचे. कॉम्प्युटरमधला जुना ढीग धाकट्याने अम्मीसमोर पुसला. व्हॉट्सॲपचे खाते सुमारे १२० दिवस वापरले नाही तर बंद केले जाते. ते आपोआप बंद होऊ दिले. हे बरोबर झाले का, यावर आपा आणि धाकटा अजूनही एकमत नाहीत. धाकटा म्हणतो, कुठेतरी अब्बांनी आमच्यासाठीही काही बोलून ठेवले असेल.

वाचक बंधुभगिनींनो, या अनुभवातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरातले माणूस गेले की त्यांचे सिम लगेच बंद करू नका. त्यात रिचार्ज ठेवा. सलग ९० दिवस वापर नसला तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याच माणसाला दिला जातो. मग कोड त्याच्याकडे जाईल. फोन बिघडला तर दुकानात देण्याआधी ‘आतले काही पुसू नका’ हे लिहून द्या. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप जोडलेले असेल तर तिथे आधी पाहा, कारण मुख्य फोन १४ दिवसांहून अधिक बंद राहिला तर ती जोडणी तुटते. ‘सगळे मेसेज परत आणून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला कोड सांगू नका. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच कळवा.

आणि हयात असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी: त्यांच्या फोनची प्रत शेवटची कधी चढली, हे आज रात्री त्यांच्याजवळ बसून पाहा. गूगलची मोफत जागा १५ जीबीच आहे आणि व्हॉट्सॲपची प्रत आता त्यातच मोजली जाते. ती भरली की प्रत थांबते आणि घरच्यांच्या ते ध्यानात येत नाही. प्रतीला पासवर्डचे खास कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून आहे. ते लावले असेल तर पासवर्ड विश्वासाच्या एका माणसाजवळ असू द्या. तो हरवला तर व्हॉट्सॲपही ती प्रत उघडून देऊ शकत नाही. देण्या-घेण्याच्या नोंदी वेगळ्या ठेवायला सांगा, म्हणजे त्या शोधताना त्यांच्या बाकीच्या बोलण्याला कुणाला हात लावावा लागणार नाही.

आमच्या घरी आता महिन्याच्या पहिल्या रविवारी धाकटा अम्मीचा हिशेब वहीत उतरवतो. अम्मी बोलते, तो लिहितो, खाली अम्मीची सही. वहीचा फोटो काढून आम्हा तिघांना पाठवतो. भाजीवाल्या मावशींचे सहाशे रुपये द्यायला अम्मी स्वतः बाजारात गेली होती. मावशींना ते आठवतही नव्हते. अल्लाह अब्बांची मगफिरत करो आणि आपणा सर्वांना लोकांचे देणे हयातीतच फेडण्याची तौफीक देवो. आमीन.