वायर न कापता

‘दादा, ही वायर तेवढी काढून द्या,’ असं म्हणत लोक कीबोर्ड टेबलावर ठेवतात. पनवेलच्या जुन्या गावात कॉम्प्युटर रिपेरिंग करणाऱ्या माझ्याकडे येणारी ही अलीकडची फर्माईश. आणणारे बहुतेक टायपिंगवाले: कचेरीच्या आसपास अर्ज-प्रतिज्ञापत्रं करून देणारे, लग्नपत्रिका नि अहवाल लावणारे डीटीपीवाले, मार्केटात टॅलीवर हिशेब ठेवणारे. आणि कीबोर्डही बहुधा ठरलेला. टीव्हीएस गोल्ड. वजनदार, आत निळे चेरी स्विच, कळ अर्ध्यावर आली की ‘कट’ असा आवाज.

नवा वायरलेस कीबोर्ड बाजारात यापेक्षा स्वस्त मिळतो, हे त्यांना माहीत असतं. तरी घेत नाहीत. यातले बरेच जण टंकलेखन संस्थेत गोदरेज नाहीतर रेमिंग्टन बडवत शिकलेले. गोदरेजने पहिला भारतीय टाइपरायटर १९५५ साली काढला, आणि शिरवळच्या कारखान्यात ते बनणं थांबल्याची बातमी २०११ मध्ये आली. पण या मंडळींच्या बोटांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही. रबरी पडद्याचा मऊ कीबोर्ड दिला की ते कळ शेवटपर्यंत दाबून खाली आपटतात. चेरीच्या निळ्या स्विचमध्ये अक्षर उमटण्याच्या जागीच हलका खटका लागतो, आवाज येतो, आणि बोट तिथूनच परत फिरतं. दिवसभर टायपिंग करणाऱ्याला संध्याकाळी हा फरक मनगटात कळतो.

मग वायर का नको? कारण काउंटर. दोन फुटांची फळी, त्यावर प्रिंटर, स्टॅम्पपेपरची फाइल, गिऱ्हाइकाची कोपरं. शिवाय अर्ध्या अर्जांचा मजकूर आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, त्याला उत्तरही फोनवरूनच जातं. एकच कीबोर्ड कधी कॉम्प्युटरला, कधी फोनला लागावा, एवढीच मागणी. मागणी रास्त आहे.

आता वायरीकडे वळू. यूएसबीची वायर सोलली की आत चार तारा निघतात. लाल पाच व्होल्टची, काळी अर्थची, हिरवी आणि पांढरी डेटाची. लोकांना वाटतं, या चार तारांच्या जागी हवा आली की झालं. काही जण तर दोनशे-तीनशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल घेऊन येतात आणि म्हणतात, ‘हा लावा ना याच्या शेपटीला.’ लावता येतो, मधला जोड बाजारात मिळतो. चालत मात्र काहीच नाही. यूएसबीत एक मालक असतो आणि बाकी सगळे चाकर. कीबोर्ड स्वतःहून कधीच काही बोलत नाही. कॉम्प्युटर दर काही मिलिसेकंदांनी विचारतो, ‘काही दाबलं का?’ तेव्हाच तो उत्तर देतो. डोंगलही चाकरच. दोघांना एकमेकांत खोचलं तर पंगतीत ‘आधी तुम्ही घ्या’ म्हणत ताटं निववणाऱ्या पाहुण्यांसारखे बसून राहतात.

म्हणून मधे मी बनवतो त्या अ‍ॅडॅप्टरला खोटा कॉम्प्युटर व्हावं लागतं. कीबोर्डाच्या बाजूने त्याने मालकाची भूमिका करायची: पाच व्होल्ट द्यायचे, पांढऱ्या तारेवरचा रेझिस्टर पाहून समोरचा संथ गतीचा आहे हे ओळखायचं, मग विचारत राहायचं. आणि फोनच्या बाजूने त्यानेच ब्लूटूथ कीबोर्डाचं सोंग घ्यायचं. एकाच वेळी दोन तोंडं. यासाठी मी ईएसपी-३२ घराण्यातली एस-३ ही चिप वापरतो. मूळ ईएसपी-३२ मध्ये ब्लूटूथ आहे पण यूएसबी नाही, एस-२ मध्ये यूएसबी आहे तर ब्लूटूथ नाही; एस-३ मध्ये दोन्ही एकत्र आले. या चिपचा बोर्ड आणायला अजूनही मुंबईतला लॅमिंग्टन रोड बरा. हार्बर लाइनने जाण्यात अर्धा दिवस मोडतो, पण हातात घेऊन पाहता येतं. पाहायचं ते एवढंच की बोर्डाच्या यूएसबी पोर्टातून पाच व्होल्ट बाहेर येतात का. पुष्कळ बोर्डांवर मधे डायोड असतो. वीज आत येते, बाहेर जात नाही. मग कीबोर्डाला पाच व्होल्ट वेगळे द्यावे लागतात.

कीबोर्ड जे उत्तर देतो ते साध्या पद्धतीत आठ बाइटचं असतं. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल वगैरे, दुसरा मोकळा, उरलेल्या सहांत दाबलेल्या कळांचे आकडे. यातली गंमत मराठी टायपिंगवाल्याला सांगावी तेव्हा तो पहिल्यांदा हसतो, मग गप्प होतो. इनस्क्रिप्टमध्ये ‘पनवेल’ टाइप केलं तर कीबोर्डातून निघतात ते आकडे ११, २५, ५, २२, १७. म्हणजे इंग्रजी एच, व्ही, बी, एस, एन या कळांच्या जागा. प नाही, व नाही, मात्राही नाही. कीबोर्डाला मराठी येत नाही, इंग्रजीही येत नाही. त्याला फक्त जागा कळतात. अक्षर ठरतं ते पलीकडे, ज्या यंत्रावर मजकूर उमटतो तिथे. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड निवडलेला असेल तर त्याच सतराचा ल होतो आणि शिफ्ट धरली तर ळ.

माझ्याकडे परत येणाऱ्या तक्रारींतली मोठी तक्रार इथूनच निघते. ‘तुमचा अ‍ॅडॅप्टर भलतंच टाइप करतो.’ दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्यांनी रेमिंग्टनच्या सवयीचं सॉफ्टवेअर घातलेलं असतं, बोटं त्यावर बसलेली असतात. फोनवर ते सॉफ्टवेअर नसतं. बोटं तीच, आकडे तेच, पण वाचणारा बदलला. हे समजावून सांगण्यात सोल्डरिंगपेक्षा जास्त वेळ जातो. बोटांना साठीत नवी जागा शिकवा, असं मी सहसा कुणाला सांगत नाही. कॉम्प्युटरवर मराठी, फोनवर इंग्रजी, अशी वाटणी सुचवतो. ती बहुतेकांना पटते.

बॅटरीचा हिशेब मी कागदावर लिहूनच देतो. समजा कीबोर्ड आणि बोर्ड मिळून पाच व्होल्टला ८० मिलिअँपिअर खातात. २६०० मिलिअँपिअर-तासांचा एक गोल सेल ३.७ व्होल्टचा, तो पाचवर चढवताना थोडं वाया जातं, आणि हाती साधारण वीस तास येतात. म्हणजे दोन दिवसांचं काम, मग चार्जिंग. बाजारातला ब्लूटूथ कीबोर्ड महिनोन् महिने चालतो, कारण तो पहिल्यापासून उपाशी राहायला शिकलेला असतो. वायरच्या कीबोर्डाने जन्मात कधी काटकसर केलेली नाही. नमलॉकचा दिवादेखील दिवसभर जळत असतो. सरळ पॉवर बँक लावून पाहणारे असतात. ती थोड्या वेळाने आपोआप बंद पडते. इतका कमी करंट पाहून तिला वाटतं, फोन चार्ज झाला.

बॅटरी वाचवायला ब्लूटूथ झोपवायचं म्हटलं तर दुसरंच निघतं. जाग येऊन पुन्हा जोडणी व्हायला सेकंद-दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात पहिली कळ हरवते. ‘पनवेल’चं ‘नवेल’ होतं. गप्पांत चालेल, प्रतिज्ञापत्रात नाही. म्हणून जागं होईपर्यंत आलेल्या कळा साठवून मग ओळीने पाठवायच्या, एवढी सोय मी प्रोग्रॅममध्ये ठेवतो. आयत्या अ‍ॅडॅप्टरमध्ये ती असेलच असं नाही. तसंच कॅप्सलॉकच्या दिव्याचं. दिवा कीबोर्ड आपल्या मनाने लावत नाही, कॉम्प्युटर त्याला लावायला सांगतो. म्हणजे निरोप उलटाही आणावा लागतो. स्वस्त अ‍ॅडॅप्टर हा उलटा निरोप गाळतात, आणि माणूस ‘दिवा गेला’ म्हणून कीबोर्ड उघडायला घेऊन येतो.

वेगाची भीती मात्र अनाठायी. मिनिटाला ४० शब्द म्हणजे इंग्रजीच्या हिशेबाने २०० कळा, दोन कळांत ३०० मिलिसेकंद. ब्लूटूथ त्यातले दहा-वीस खातो. खेळ खेळणाऱ्या पोरांना ते खुपतं, अर्ज लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

काही जणांना मी परत पाठवतो. दिवसभर लोकांचे पासवर्ड नि खातेक्रमांक टाइप करणारा असेल तर वायरच ठेवा म्हणतो. २०१६ साली बॅस्टिल नावाच्या कंपनीने दाखवून दिलं होतं की कित्येक स्वस्त वायरलेस कीबोर्ड दाबलेली प्रत्येक कळ उघडीच हवेत सोडतात. ते ब्लूटूथचे नव्हते, त्यांचे वेगळे डोंगल होते, आणि ब्लूटूथ मजकूर गुप्त करून पाठवतो. पण २०२३ मध्ये ब्लूटूथच्याही जोडणीतली एक फट बाहेर आली. हल्लेखोर जवळपास असेल तर काही फोन-कॉम्प्युटरांना आपणच कीबोर्ड आहोत असं भासवून कळा घुसवू शकत होता. अपडेट आले, ते मिळालेल्या यंत्रांत फट बुजली. तरी जिथे टेबल हलत नाही आणि कॉम्प्युटरही हलत नाही, तिथे बिनवायरीची हौस कशाला?

गोल पिनांचे जांभळे पीएस-टू कीबोर्डही येतात अधूनमधून. त्यांची भाषाच निराळी. नुसती पिन बदलणारी टोपी लावून ते यूएसबी होत नाहीत, मधे दुभाष्या बोर्ड लागतो, त्याच्यापुढे माझा अ‍ॅडॅप्टर, त्याच्यामागे बॅटरी. एवढी वरात काउंटरवर मांडण्यापेक्षा वायर परवडली. तसं मी सांगतोही, कधी ऐकतात, कधी नाही.

पावसाळ्यात इथे जोडण्यांवर हिरवा थर चढायला वेळ लागत नाही, खाडीची हवा आहे. म्हणून बोर्ड कीबोर्डाच्या पोटात घालत नाही. बाहेर छोट्या डबीत ठेवतो. उघडता येतं, पुसता येतं. आणि वायर कापत नाही. काटकोनात वळवून मागे गुंडाळतो, वेलक्रोची पट्टी मारतो, टोक डबीत खोचतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, ‘वायर तर राहिलीच की!’ राहू द्या म्हणतो. कॉम्प्युटर सुरू होतानाच अडकला, बायोसमध्ये जायची वेळ आली, तर तिथे विंडोज अजून उठलेलं नसतं आणि ब्लूटूथ कीबोर्डाला सहसा कुणी ओळखत नाही. डबीतून टोक काढायचं, कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं आणि एफ-टू दाबायचं.